गाइडशिवाय बॉम जेझुस: आईबरोबर जुन्या गोव्यातील दोन दिवस

वसईत पन्नास वर्षे राहूनही मी कधी चर्चच्या आत गेले नव्हते. शेजारीपाजारी निम्मे ख्रिस्ती आहेत, त्यांच्या लग्नांना जाणे होते, नाताळात फराळाची देवाणघेवाण होते, आणि तरीही चर्चच्या दारापाशी पाय अडत असे. कोणी मला अडवले होते असे नाही. आत गेल्यावर चपला काढायच्या का, कुठे उभे राहायचे, प्रार्थना चालू असेल तर बसलेले चालते का, हे ठाऊक नसल्यामुळे वाटणारा तो संकोच होता. गोव्याला चार वेळा जाऊनही जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिका मी बसच्या खिडकीतूनच पाहिली होती. २०२५ च्या फेब्रुवारीत माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला घेऊन, कोणत्याही सहल कंपनीशिवाय आणि गाइडशिवाय मी ती आतून पाहिली. ज्यांना असाच संकोच वाटतो त्यांच्यासाठी हा सगळा क्रम लिहून ठेवते आहे.

निमित्त शेजारच्या मावशींचे झाले. सोळाव्या शतकातील ख्रिस्ती धर्मप्रसारक संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव याच बॅसिलिकेत आहे. त्याचे दहा वर्षांनी होणारे जाहीर दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात होते. मावशींनी त्याची तयारी वर्षभर केली होती, पण नेमकी नोव्हेंबरात त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि जाणे राहिले. आम्ही दोघी गोव्याला जायचा विचार करतो आहोत हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "दर्शन सोहळ्याच्या गर्दीत आईंना नेऊ नका. नंतर निवांत जा, आणि माझ्या नावाने तिथे एक मेणबत्ती लावा." एवढ्या विश्वासाने सोपवलेले काम बाहेरून बघून कसे होणार? त्या दिवसापासून त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून मी एकेक प्रश्न विचारून घेतला.

त्यांनी सांगितलेल्या गोष्टी पुढे पदोपदी उपयोगी पडल्या. चर्चमध्ये चपला काढत नाहीत, मात्र पुरुष डोक्यावरची टोपी काढतात. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बाकांच्या खाली पुढच्या बाजूला एक लांब फळी असते, ती गुडघे टेकून प्रार्थना करण्यासाठी असते, तिच्यावर पाय ठेवू नये. वेदीजवळ तांबडा दिवा तेवत असेल तर तिथे पवित्र ओस्ती, म्हणजे येशूचे शरीर मानली जाणारी पातळ चकती, ठेवलेली आहे असे समजावे. त्यासमोरून जाताना आपण नुसते थांबून मान लववली तरी पुरे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चालू असेल तर मागच्या बाकावर शांतपणे बसायला कोणाचीच हरकत नसते, पण लोक रांगेने ओस्ती घ्यायला पुढे जातात त्या रांगेत आपण जायचे नाही. तो प्रसाद वाटत आहेत असे समजून आपल्याकडचे लोक भाबडेपणाने हात पुढे करतात, आणि मग दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखे होते.

रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून एकशे वीसऐवजी साठ दिवसच आधी सुरू होते. शनिवार, ८ फेब्रुवारीची मांडवी एक्सप्रेस हवी होती, म्हणून १० डिसेंबरला सकाळी आठ वाजता बसून मी ठाणे ते करमळी अशी दोन शयनयान तिकिटे काढली. एका तिकिटाला सुमारे चारशे रुपये पडले. ज्येष्ठ नागरिकांची सवलत २०२० पासून बंद आहे, पण पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा जो कोटा असतो, त्यातून आम्हा दोघींनाही खालच्या जागा मिळाल्या. उतरायचे स्थानक करमळी हे मुद्दाम लिहिते, कारण बहुतेक जण सवयीने मडगावचे तिकीट काढतात आणि मग उलटे इतक्या लांब येतात. जुने गोवे करमळी स्थानकापासून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर आहे. आम्ही पणजीत खोली घेतली होती, त्यामुळे संध्याकाळी करमळीहून टॅक्सी केली. सहाशे रुपये झाले. सामान आणि आईचे गुडघे पाहता मला ते जास्त वाटले नाहीत.

रविवारी, ९ तारखेला, माझी चूक झाली. बॅसिलिका सकाळी नऊला उघडते असे वाचले होते आणि ते वेळापत्रक सोमवार ते शनिवारचे आहे हे माझ्या लक्षात आले नाही. पणजीच्या कदंब बसस्थानकावरून फोंड्याकडे जाणारी बस धरून आम्ही गांधी सर्कलला उतरलो आणि सव्वानऊला दारात पोहोचलो, तेव्हा आत मिस्सा चालू होती. दाराशी उभ्या असलेल्या एका वयस्कर स्वयंसेवकांनी हळू आवाजात विचारले, "मिसाक आयल्यात?" आम्ही पर्यटक आहोत असे सांगितल्यावर ते म्हणाले की रविवारी पाहुण्यांसाठी दार साडेदहानंतर उघडते, पण मिस्सेला बसायचे असेल तर या. त्या क्षणी माझे धैर्य झाले नाही, आणि आम्ही समोरच्या हिरवळीकडे गेलो.

तिथे गळ्यात ओळखपत्र अडकवलेले एक गृहस्थ आले आणि गाइडशिवाय आत सोडत नाहीत, आठशे रुपये होतील, असे सांगू लागले. आई थकलेली होती, मी पाकीट काढलेही होते. तेवढ्यात मघाच्या स्वयंसेवकांकडे जाऊन विचारावे असे सुचले आणि खरे ते कळले: प्रवेश सर्वांना खुला आहे, तिकीट नाही, गाइडची सक्ती नाही. माहिती सांगणाऱ्या माणसाला त्याच्या कामाचे पैसे द्यावेत या मताची मी आहे. पण खोटा नियम सांगून वृद्ध माणसांकडून पैसे काढणे मला फार लागले. कोणी असे सांगितले तर दाराशी असलेल्या माणसाला विचारावे, एवढेच सांगते.

साडेदहाला दार उघडले तोवर सहलींच्या सात-आठ बसगाड्या आल्या होत्या. आम्ही त्या लोंढ्याबरोबर आत गेलो आणि तसेच बाजूच्या दाराने बाहेर आलो. आईला माणसांच्या पाठींखेरीज काही दिसले नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "हे काही पाहणं नव्हे. उद्या परत येऊ." परतीचे तिकीट मंगळवारचे होते, त्यामुळे सोमवार हाताशी होता. तुम्हीही एक दिवस जादा ठेवा, आणि शक्य असेल तर तो रविवार नसावा.

सोमवारी, १० तारखेला, नऊला दहा मिनिटे असताना आम्ही पुन्हा दारासमोर उभ्या होतो, आणि या वेळी दर्शनी भिंत नीट पाहायला सवड होती. जुन्या गोव्यातील बाकीची मोठी चर्चे पांढरीशुभ्र आहेत. ही एकच तांबूस दिसते, कारण तिचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकण्यात आला आणि आतला जांभा दगड उघडा पडला. खाली तीन दरवाजे, त्यांवर तीन खिडक्या, त्यांवर तीन गोल गवाक्षे, आणि अगदी वर नक्षीच्या चौकटीत आयएचएस ही अक्षरे आहेत. ती येशूच्या ग्रीक नावातील पहिली तीन अक्षरे असून जेझुइट या ख्रिस्ती साधूंच्या संघाचे चिन्ह आहेत. जांभ्यावर बारीक कोरीव काम टिकत नाही, म्हणून खांब आणि नक्षी यांसाठी काळा बेसॉल्ट वापरला आहे, आणि तो दगड वसईहून समुद्रमार्गे आणलेला आहे. हे मी वाचून गेले होते, पण आईला सांगितले नव्हते. तिथे उभे राहून सांगितले तेव्हा ती दरवाजाच्या बाजूच्या खांबाकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चांच्या कमानींवर हाच काळा दगड आम्ही जन्मभर पाहत आलो आहोत. तिथे तो पावसात शेवाळतो आणि त्याच्या फटींतून पिंपळ उगवतात. इथे तो चारशे वर्षांनंतरही जागच्या जागी आहे.

इमारतीचे काम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेशो द मेनेझेस यांच्या हस्ते तिचे पवित्रीकरण झाले. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो गारवा, आणि मग समोरच्या टोकाला वरपासून खालपर्यंत सोन्याचा मुलामा दिलेली वेदी. पिळदार खांबांच्या मधोमध उभी असलेली भव्य मूर्ती येशूची असावी असे आम्हाला वाटले होते. ती जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची आहे. ज्याच्या नावाने हे मंदिर आहे तो बॉम जेझुस, म्हणजे भला बाळ येशू, त्यांच्या पायाशी लहानशा मूर्तीच्या रूपात आहे. आईने त्याला बरोबर शोधून काढले.

आम्ही एक ठरवले होते आणि त्याचा फार फायदा झाला: आत गेल्यावर लगेच फिरायचे नाही, आधी पंधरा मिनिटे मागच्या बाकावर बसायचे. बसल्यामुळे डोळे अंधाराला सरावतात, आवाज ओळखीचे होतात, आणि लोक कसे वागत आहेत हे पाहून आपोआप कळते. त्यानंतर मी छापील माहितीचा कागद हातात घेऊन आईला हळूहळू पुढे नेले. डाव्या भिंतीत मध्यभागी कोचीनचे कप्तान दों जेरोनिमो मास्कारेन्हास यांचे स्मारक आहे. त्यांनी मागे ठेवलेल्या संपत्तीतून हे चर्च उभे राहिले. मुलामा दिलेले ते स्मारक दोन सिंहांनी तोलून धरले आहे. त्यासमोर उजव्या भिंतीवर लाकडी प्रवचनपीठ आहे, त्याच्या तळाला सात आकृत्या कोरलेल्या असून त्या सगळा भार अंगावर घेतल्यासारख्या दिसतात. बहुतेक लोक त्याखालून वर न पाहता निघून जातात. जरा थांबून मान वर करावी.

वेदीच्या उजव्या हाताला संतांचे समाधिस्थान आहे. फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात आले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर वारले. त्यांचे पार्थिव मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्यात आणण्यात आले. आता ते ज्या चांदीच्या पेटीत आहे, ती गोव्यातील कारागिरांनी सतराव्या शतकात घडवली, आणि तिच्याखालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचे ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरे यांनी पाठवला. फ्लॉरेन्सच्या जोव्हानी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराने त्यावर दहा वर्षे काम केले आणि १६९८ मध्ये तो इथे बसवण्यात आला. इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी: जाहीर दर्शनाचा काळ सोडला तर पार्थिव जवळून दिसत नाही. पेटी खूप उंचावर आहे आणि खालून तिची चांदीची बाजूच तेवढी दिसते. आमच्या मागे उभे असलेले एक कुटुंब "एवढ्यासाठी आलो का?" म्हणत निघून गेले. त्यांनी चौथऱ्यावरचे ब्राँझचे चार फलक पाहायला हवे होते. त्यांत संतांच्या आयुष्यातील प्रसंग आहेत, आणि माणसांच्या चेहऱ्यांवरचा भाव खालून उघड्या डोळ्यांनी दिसतो.

आईने तिथे हात जोडले. मग बाजूला येऊन तिने विचारले, "यांच्या नावाने लोकांना त्रास झाला, असं आपल्याकडे म्हणतात ते खरं का?" मी तिला खरे ते सांगितले. गोव्यात धर्मसमीक्षण सभा, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचा आरोप असणाऱ्यांना शिक्षा करणारी इन्क्विझिशन ही न्यायसभा, असावी अशी मागणी झेवियर यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात केली होती. ती सभा त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये, सुरू झाली आणि मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत चालली. तिचा वाडा इथून जवळच, से कॅथेड्रल या मोठ्या चर्चच्या समोरच्या चौकात होता, आता त्याचा मागमूस नाही. हे माहीत असूनही आजच्या भाविकांची श्रद्धा खरी आहे, आणि त्यांची श्रद्धा खरी असूनही तो इतिहास घडलेला आहे. जुन्या गोव्यात जाणाऱ्याने दोन्ही गोष्टी मनात घेऊन जावे असे मला मनापासून वाटते. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मावशींची मेणबत्ती राहिली."

मेणबत्त्या बाहेर रस्त्यालगत बसलेल्या बायका विकतात आणि त्या आत न लावता बाहेर ठरलेल्या जागी लावायच्या असतात. त्या बायकांच्या टोपल्यांत मेणाचे हात, पाय, डोळे, बाळे आणि छोटी घरेही होती. आईला काहीच समजावून सांगावे लागले नाही. शितळादेवीला चांदीचे डोळे वाहतात तसाच हा नवस, हे तिने पाहताक्षणी ओळखले. मावशींसाठी तिने मेणबत्तीबरोबर मेणाचा एक पाय निवडला. तो निवडताना तिने चार पाय हातात घेऊन पाहिले, एकाचा घोटा चिरलेला होता तो परत ठेवला, आणि गुडघा नीट उठून दिसणारा घेतला. दोन्ही मिळून साठ रुपये झाले.

रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल. १५६२ ते १६१९ एवढी वर्षे त्याचे बांधकाम चालले. अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनच्या नावाने ते आहे, कारण तिच्याच सणाच्या दिवशी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, आफोन्सो द आल्बुकेर्क याने हे शहर आदिलशहाकडून जिंकले. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, उरलेल्या मनोऱ्यात सुवर्णघंटा आहे. ती सोन्याची नव्हे, तिच्या नादावरून ते नाव पडले. आईचे माहेर वाईकडचे. वसईच्या मोहिमेनंतर आणलेली मेणवलीची पोर्तुगीज घंटा तिने लहानपणी वाजवलेली आहे. ती म्हणाली, "म्हणजे आमची घंटा याच नात्यातली."

दुपारपर्यंत आम्ही शेजारच्या संत फ्रान्सिस असिसी कॉन्व्हेंटमधले पुरातत्त्व संग्रहालय पाहिले. ते शुक्रवारी बंद असते. पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या तसबिरी आणि कोकणातले वीरगळ एकाच छपराखाली तिथे पाहायला मिळतात. त्यानंतर आई हिरवळीवर झाडाखाली पहुडली आणि मी एकटीच चढ चढून संत ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्यापाशी जाऊन आले. चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले, आणि आज सेहेचाळीस मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याचा निम्माच भाग उभा आहे. उन्हात ती चढण थकवते, पाण्याची बाटली हवीच.

संध्याकाळी परत पणजीला जायचे ठरले होते. पण बॅसिलिकेत मिस्सेची वेळ होत आली होती, आणि आईनेच म्हटले, "काल त्या भल्या माणसाने बोलावलं होतं ना?" आम्ही मागून तिसऱ्या बाकावर बसलो. मिस्सा कोकणीत होती. शब्द अर्धे कळत होते, "आमच्या बापा" एवढे स्पष्ट ऐकू आले. इतर उठले की आम्ही उठत होतो, ते गुडघे टेकत तेव्हा बसून राहत होतो, आणि कोणीही वळून पाहिले नाही. मध्येच सगळे एकमेकांकडे वळले. मला वाटले संपले. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या, आईच्याच वयाच्या बाई मागे वळल्या आणि त्यांनी आईला हात जोडून नमस्कार केला. तो शांतीचा नमस्कार असतो, हे मला मावशींनी सांगायचे राहिले होते. आईनेही हात जोडले. त्या बाई हसल्या आणि पुन्हा वेदीकडे वळल्या. ओस्तीच्या रांगेच्या वेळी आम्ही जागीच बसलो, शेजारच्यांना वाट द्यायला पाय तेवढे आत घेतले.

मंगळवारी सकाळच्या मांडवीने करमळीहून निघून रात्री ठाण्याला उतरलो. ठाणे ते वसई जाता-येता टॅक्सी, तीन रात्रींची खोली, जेवण, रिक्षा असे सगळे धरून दोघींचा खर्च साडेबारा हजारांच्या आसपास झाला. त्यात प्रत्यक्ष चर्चे पाहण्याचा खर्च शून्य.

बुधवारी आई मावशींकडे गेली. मेणबत्ती कुठे लावली, पाय कसा निवडला, नमस्कार कोणी केला, हे सगळे तिने क्रमाने सांगितले. मग दरवाजाजवळचा काळा खांब वसईच्या दगडाचा आहे हे सांगितले तेव्हा मावशी चकित झाल्या. त्या चार वेळा तिथे जाऊन आल्या होत्या, पण त्यांना हे कोणी सांगितले नव्हते. त्यांनी लगेच मुलाला हाक मारली आणि म्हणाल्या, "अरे, आईंना काय म्हणायचंय ते ऐक. तो दगड आपला आहे."